मदत हवी आहे: टेबलावरच्या तरटाला रॉकेलचा वास येऊन राहिला आहे

शिकंजी (इंदूर), १९ डिसेंबर, रात्री १०:४२

नमस्कार. घाईत आहे, थेट सांगते. २४ तारखेला रात्री घरी जेवण आहे आणि मला टेबल फार्महाऊस स्टाईल सजवायचं आहे. तरट, लाकूड, मेणबत्त्या, पाइन कोन, ते पांढरं-तपकिरी असतं ना, तसं. फोटो पोतंभर बघून झालेत, कृपया आणखी फोटो टाकू नका.

अडचण अशी की बाजारातून तरटाचा नवा कपडा आणला, पाच मीटर. घरी पसरला तर सगळ्या खोलीत रॉकेलसारखा वास. दोन दिवस गॅलरीत टाकून ठेवला, काही फरक नाही. काल रात्री मशीनमध्ये धुतला. आता तो आकसून वाकडा झालाय, कडा सुटून राहिल्या आहेत, आणि मशीनमध्ये एवढा भुसा अडकला की मशीनच बंद पडली. वास आहे तिथेच आहे. नवरा सकाळपासून फक्त हो-नाही बोलतोय.

काय करू? आणि पाइन कोन इंदुरात कुठे मिळतील? लवकर सांगा.

फिरस्ता_बायपास, १९ डिसेंबर, रात्री १०:५१

फार्महाऊस हवं असेल तर बायपासला आणि सिमरोल रोडला भरपूर आहेत. २४-२५ चं बहुतेक बुक झालं असेल, पण ओळखीनं होतं. स्विमिंग पूल हवा का? थंडीत कोणी उतरत नाही, पण फोटोला बरा दिसतो. माणसं किती ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शिकंजी, १९ डिसेंबर, रात्री १०:५३

फार्महाऊस नको. फार्महाऊस *स्टाईल*. घरी.

मोहरी, १९ डिसेंबर, रात्री ११:०५

माणसं किती? टेबल कसलं? जेवण ताटात वाढणार की बुफे? आत की गच्चीवर? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

शिकंजी, १९ डिसेंबर, रात्री ११:०८

टेबल. जेवायचं. घरातच. वासाचं सांगा ना कोणी.

खडूस_सदाशिव, १९ डिसेंबर, रात्री ११:२०

'कपडा' नव्हे, कापड. कपडा अंगात घालतात. आणि 'येऊन राहिला आहे' हे काय आहे? वास येतो, नाहीतर येत आहे. राहायला तो काय भाडेकरू आहे?

लष्करचा_लंबू (ग्वाल्हेर), १९ डिसेंबर, रात्री ११:३१

सदाशिवराव, १८१८ पासून इंदूर होळकरांची राजधानी होती आणि आमचं ग्वाल्हेर शिंद्यांचं. दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारात मराठी टिकवली आम्ही. एक 'राहिला' तिकडून आला तर येऊ द्या की. तुमच्याकडे तर 'मी तुला कॉल करते' चालतं.

अवांतर: शिकंजीताई, मेनूत गराडू (तो तळून खायचा कंद) असेल तर कृती द्या ना. आमच्याकडे थंडी तुमच्यापेक्षा कडक, धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही, गजक पण उत्तम, पण गराडूची मजा इंदूरच्या सराफ्यातच.

कापूसकोंड्या (खरगोन), २० डिसेंबर, सकाळी ६:४८

कापसाच्या जिनिंगमध्ये बारा वर्षं काढलीत, बारदानाशी, म्हणजे तागाच्या पोत्यांशी, रोजची गाठ. म्हणून सांगतो.

तो वास रॉकेलचाच भाऊ आहे. तागाचा धागा कडक असतो. गिरणीत तो मऊ पडावा म्हणून त्यावर तेल आणि पाणी मारतात, आणि साधारणपणे ते खनिज तेल असतं. नुसत्या पाण्यानं जाणार कसं? खाण्याच्या मालाच्या पोत्यांसाठी वेगळं तागाचं कापड निघतं, त्यात वनस्पती तेल वापरतात, म्हणून त्याला हा वास नसतो. तुम्ही घेतलंत ते पॅकिंगचं असणार. दुकानात घडी नाकाला लावून बघायची, एवढंच.

आता उपाय. मशीनमध्ये परत घालू नका. कोरडं झालं की अंगणात झटका, दोन्ही बाजूंनी खायचा सोडा भुरभुरा, रात्रभर गुंडाळून ठेवा, सकाळी पुन्हा झटकून कडक उन्हात उलटसुलट. तीन दिवस हेच. वास कमी होईल, संपेल असं म्हणत नाही. त्यावर भाकरी-पोळी उघडी ठेवू नका.

पाइन कोनचा नाद सोडा. माळव्यात चीडचं झाड उगवत नाही, ते कोन डोंगरातून येतात आणि सजावटीच्या दुकानात एकेक नग मोजून विकतात. त्यापेक्षा आमच्याकडे या, पऱ्हाटी घेऊन जा. शेवटची वेचणी झालेल्या कपाशीच्या काड्या, त्यावर दोन-चार फुटलेली बोंडं राहिलेलीच असतात. अमेरिकेत ह्याच काड्या फार्महाऊस सजावटीत फुलदाणीत लावतात आणि चांगला पैसा मोजतात. इथे आम्ही चुलीत घालतो.

शिकंजी, २० डिसेंबर, सकाळी ७:१५

दादा, आजवरचा पहिला कामाचा प्रतिसाद! सोडा आत्ताच टाकते. खरगोनला यायला वेळ नाही हो, बसवाल्याच्या हाती पाठवता येईल का? व्यनि करते.

आजीचा_बटवा, २० डिसेंबर, सकाळी ९:०२

मला एक कळत नाही. घरी पाहुणे बोलवायचे आणि पोतं अंथरायचं? आमच्या वेळी पोतं दाराशी पाय पुसायला असायचं. स्वच्छ पंगत मांडा, पाट-रांगोळी, केळीचं पान, उदबत्ती, मधे समई. कोणत्या फोटोत आहे असं सौंदर्य?

मोहरी, २० डिसेंबर, सकाळी ९:१५

आजी, पाटावर बसायला गुडघे कुणाचे आणणार?

आजीचा_बटवा, २० डिसेंबर, सकाळी ९:१९

माझे ७४ वर्षांचे आहेत. बसते.

बडोदेकर_भाऊ, २० डिसेंबर, सकाळी ११:४०

तरट, पऱ्हाटी, हे सगळं कशाला? बडोद्याजवळ संखेडा गाव आहे, तिथलं लाखेचं लाकूडकाम जगप्रसिद्ध. सागाचं लाकूड, केशरी-तांबडा रंग, त्यावर सोनेरी नक्षी. एक चौरंग आणा, त्यावर मधे फुलं मांडा. आयुष्यभराची वस्तू होते. माझ्या लग्नातला झोपाळा अजून तसाच आहे, नातवंडं झुलतात त्यावर. कड्या पितळेच्या.

मोहरी, २० डिसेंबर, सकाळी ११:५२

भाऊ, झोपाळा सुंदर असणार, पण केशरी-सोनेरी संखेडा म्हणजे फार्महाऊस स्टाईलच्या बरोबर उलट. ह्या प्रकाराचा सगळा जीव उघड्या लाकडात, रंग उडालेल्या वस्तूंत आणि जाड्याभरड्या कापडात आहे. चमकणारी एक वस्तू आली की बाकीचं सगळं गरीब दिसायला लागतं.

आणि कापूसकोंड्यादादा, पऱ्हाटी छान, पण मेणबत्तीशेजारी कापूस? एक बोंड पेटलं की काडी पेटते, काडीखाली तरट, आणि तरटात तुम्हीच सांगितलेलं तेल. माझ्या नणंदेकडे दिवाळीत वाळलेल्या गवताचा गुच्छ पणतीवर कलला होता. टेबलाच्या काचेला तडा गेला आणि मावसासूबाईंच्या पदराला भोक पडलं, त्याहून जास्त काही झालं नाही हे नशीब.

कापूसकोंड्या, २० डिसेंबर, दुपारी १:१०

मेणबत्ती उघडी ठेवा असं मी कुठे म्हणालो? जिनिंगमध्ये काडेपेटी खिशात असली तरी गेटवर अडवतात. आगीचं मला सांगू नका.

मोहरी, २० डिसेंबर, दुपारी १:१४

तुम्हाला नाही, तिला सांगत होते.

लष्करचा_लंबू, २० डिसेंबर, दुपारी २:००

गराडू?

तळं_आणि_बर्फ (विस्कॉन्सिन), २० डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

इथे राहून तेरा वर्षं झाली, आजूबाजूला सगळ्या डेअऱ्या. गंमत म्हणून सांगते. खऱ्या शेतकऱ्याच्या टेबलावर मी एकदाही तरट पाहिलं नाही. चौकटीचं प्लॅस्टिकचं टेबलक्लॉथ असतं, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. जेवण साडेपाचला, कारण पहाटे धारा काढायच्या असतात. गाईंना २४ तारीख कळत नाही. आणि ते जे काचेचे मेसन जार सगळे फुलांना वापरतात ना, त्यांचं पेटंट १८५८ सालचं, फिरकीचं झाकण बसवून भाज्या-फळं टिकवायला. म्हणजे आपली लोणच्याची बरणीच. शेजारीण त्यात बीट मुरवते.

शिकंजी, हे सगळं कोणासाठी चाललंय?

शिकंजी, २० डिसेंबर, रात्री ९:४५

सांगते. माझी वहिनी अमेरिकन आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच डिसेंबरात इंदूरला आली आहे. मध्ये एकदा बोलता बोलता म्हणाली की घरी २४ ला सगळे एका लांब टेबलाशी बसायचो, शेतावरच्या घरात. डोळे भरून आले तिचे. तेव्हा मी बोलून बसले की इथेही करू. एकूण ११ माणसं. आमचं डायनिंग टेबल चार जणांचं, चार फुटी. शेजाऱ्यांचं सहा फुटी फोल्डिंगचं टेबल जोडणार आहे, ते दोन बोटं बुटकं आहे. रुंदी दोघांची सारखी, अडीच फूट. मेनू दाल-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप आणि दाल), गराडू, लाडू. झालं समाधान? आता सांगा.

मोहरी, २० डिसेंबर, रात्री ९:५८

अगं बाई! हे सगळं पहिल्याच दिवशी सांगायचं ना. मेनू दाल-बाफले आणि मधे फोटोतल्यासारखा पांढरा रनर (लांब कापडी पट्टी)?!

लष्करचा_लंबू, २० डिसेंबर, रात्री १०:०१

तुपाचे ओघळ, त्यावर दाल. बाफला कुस्करताना कोपर बाहेर काढावं लागतं. शेजारच्याला लागणार, सांगून ठेवतो.

मोहरी, २० डिसेंबर, रात्री १०:३०

बसले हिशेब करायला. माणशी ६० सेंटिमीटर लागतात, त्यापेक्षा कमी दिलं तर कोपराला कोपर. दोन्ही टेबलं मिळून दहा फूट, म्हणजे ३०५ सेंटिमीटर. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, टोकाला एक. ११ बरोबर बसतात. फोल्डिंगच्या टेबलाच्या टोकाला कोणाला बसवू नका, तिथे पायांची दांडी गुडघ्यात येते.

आता रुंदी. अडीच फूट म्हणजे ७६ सेंटिमीटर. बाफल्याला मोठं ताट लागतं, ते १२ इंची, ३० सेंटिमीटर. समोरासमोर दोन ताटं झाली ६०. कडेला दोन-दोन सोडा. मधे उरतात १२ सेंटिमीटर. माझी वीत याहून मोठी आहे! फोटोतल्या टेबलांची रुंदी साधारण एक मीटर असते आणि त्यांची प्लेट छोटी, स्वयंपाकघरातून भरून येते. तुझ्या टेबलावर सजावटीला एक चिंचोळी पट्टी आहे, बस. दालीचं पातेलं, तूप, चटणी, सगळं शेजारच्या बाकावर.

म्हणजे पाच मीटर तरट तुला लागतच नाही. त्यातून १० सेंटिमीटरची पट्टी काप, जी कमी वास मारते ती. मशीननं कडा सोडवल्यात ना? त्या आणखी दोन बोटं उसव. झालर झाली. फोटोत हीच झालर मुद्दाम काढलेली असते.

शिकंजी, २० डिसेंबर, रात्री १०:३६

मोहरीताई, तुमचे पाय कुठे आहेत.

खडूस_सदाशिव, २० डिसेंबर, रात्री १०:४४

बुटक्या टेबलाच्या पायाखाली विटा लावू नका, हलतात. सुताराकडून चार लाकडी ठोकळे घ्या, वर खाच करून, म्हणजे पाय बसतो आणि घसरत नाही. खाचेची खोली ठोकळ्याच्या उंचीतून वजा करायला विसरू नका, लोक विसरतात. आमच्याकडे गणपतीच्या टेबलाला तीस वर्षं हीच व्यवस्था आहे.

शिकंजी, २० डिसेंबर, रात्री १०:४७

सदाशिवराव, धन्यवाद. हे उपयोगी पडून राहील.

खडूस_सदाशिव, २० डिसेंबर, रात्री १०:४८

पडेल.

तळं_आणि_बर्फ, २१ डिसेंबर, सकाळी ६:१०

टेबलक्लॉथचं काय? दोन टेबलांची फट झाकायला एक सलग काहीतरी हवं. आणि कृपा करून ट्यूबलाइट बंद. त्या पांढऱ्या उजेडात काहीही सजवा, बँकेतलं काउंटर दिसतं. पिवळे बल्ब घ्या, खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेले.

कापूसकोंड्या, २१ डिसेंबर, सकाळी ७:०२

बाग प्रिंटची चादर. धार जिल्ह्यातल्या बाग गावची, सुती, ठशांची. मळकट पांढऱ्यावर तांबडं-काळं. लाल रंग तुरटीचा, काळा लोखंडाचा, धुऊन जात नाही. जाडीभरडी, हातानं केलेली, म्हणजे शोभेल पण, आणि दालीचा डाग त्या नक्षीत दोन दिवस कोणाला सापडणार नाही. मृगनयनीत, म्हणजे सरकारी हस्तकलेच्या दुकानात, मिळेल. डबल बेडची एक पुरणार नाही, दोन एकावर एक सरकवून घ्या.

पऱ्हाटी काल रात्रीच्या गाडीनं दिली आहे. गड्यानं पोत्यात बांधून दिलीये. पोतं धान्याचं आहे, वास बघा हवं तर.

आजीचा_बटवा, २१ डिसेंबर, सकाळी ९:३०

आता बरं चाललंय. समई मात्र सजावट म्हणून ठेवू नकोस, ती देवापुढची. जुना कंदील असेल तर काढ. काच राखेनं घास, चिमटीभर राख आणि कोरडं फडकं, लख्ख होते. आत मेणबत्ती ठेव, काचेमुळे ज्योत कापसाला लागत नाही. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आहेत ना? त्यात काड्या. बरणीच्या तळाला खडेमीठ घाल, म्हणजे काड्या उभ्या राहतात आणि बरणी लवंडत नाही. उंची किती ठेवायची ते सांगते. कोपर टेबलावर टेकवून मूठ उभी धर, त्याच्या वर काही जाऊ द्यायचं नाही. समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे.

मोहरी, २१ डिसेंबर, सकाळी ९:३८

बरणीचं बूड १२ सेंटिमीटरच्या आत हवं. अर्ध्या किलोच्या बरण्या. आणि सुगंधी मेणबत्ती नको, व्हॅनिला आणि तूप एकत्र जात नाहीत.

फिरस्ता_बायपास, २१ डिसेंबर, सकाळी ११:००

२४ ला एक पार्टी कॅन्सल झाली आहे. ११ माणसांसाठी लॉन पुष्कळ मोठं पडेल, पण करून देतो.

बडोदेकर_भाऊ, २१ डिसेंबर, दुपारी १२:१५

एक शंका. हे सगळं करून वहिनींना घर आठवून जास्त रडू आलं तर?

तळं_आणि_बर्फ, २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

येऊ दे की. मला इथे पहिल्या दिवाळीला शेजारणीनं यूट्यूबवर बघून करंज्या करून आणल्या होत्या. आत दालचिनी घातलेलं सफरचंद. मी गाडीत बसून रडले आणि चार खाल्ल्या.

शिकंजी, २२ डिसेंबर, रात्री ११:५०

गराडूची कृती, लष्करवाल्यांसाठी, नाहीतर झोपू देणार नाहीत. हाताला तेल लावून सोलायचा, नाहीतर खाज सुटते. मोठे चौकोनी तुकडे, वाफेवर अर्धे कच्चे शिजवायचे, गार होऊ द्यायचे. मग मोठ्या आचेवर तळायचे, बाहेरून कुरकुरीत व्हायला पाहिजेत. गरम असतानाच मसाला आणि लिंबू. लिंबात कंजुसी नाही. बास.

लष्करचा_लंबू, २२ डिसेंबर, रात्री ११:५२

तेल कुठलं?

शिकंजी, २६ डिसेंबर, सकाळी १०:२०

झालं एकदाचं. सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

ठोकळे बरोबर बसले, सदाशिवराव. टेबल हललं नाही. बाग प्रिंटच्या दोन चादरी घातल्या, मधे तरटाची पट्टी, तीन बरण्यांत पऱ्हाटी, दोन कंदील. एक आजोळचा निघाला, त्याला वात नव्हती, पण मेणबत्तीला वात कशाला. आगरची संत्री होती घरात, त्यांच्या चकत्या ओव्हनमध्ये मंद आचेवर चार तास वाळवल्या, त्या कंदिलाभोवती. तरटाचा वास अगदी जवळ गेलं तर येत होता, पण गराडू तळायला घेतल्यावर कोणाला कसला वास येतोय!

वहिनी आली. टेबल बघून काहीच बोलली नाही. मग पऱ्हाटीतलं एक बोंड तिनं दोन बोटांत धरलं, कापूस जरा ओढला, आतली सरकी दिसली, आणि विचारलं की हे खरं आहे का? मी म्हटलं, खरगोनचं. ती म्हणाली, आमच्या दुकानात हे प्लॅस्टिकचं मिळतं, आणि आमच्या घरी तर चौकटीचं प्लॅस्टिक असायचं टेबलावर. विस्कॉन्सिनवाल्या ताई, तुम्ही बरोबर होतात. लांब टेबल तेवढं खरं होतं.

बाफला कुस्करताना तिचं कोपर माझ्या भावाच्या वाटीला लागलं, सगळी दाल चादरीवर. डाग शोधायला आत्ता बसले होते, सापडला नाही.

उरलेलं तरट साडेचार मीटर आहे. कोणाला हवं असेल तर घेऊन जा.

कापूसकोंड्या, २६ डिसेंबर, सकाळी १०:४०

पोतं परत पाठवा. चांगलं आहे ते.

आजीचा_बटवा, २६ डिसेंबर, सकाळी ११:०५

नवरा बोलायला लागला का?

शिकंजी, २६ डिसेंबर, सकाळी ११:०९

बोलतोय, पण मशीनबद्दलच. अजून बंद आहे. मेकॅनिक दोन जानेवारीशिवाय येत नाही म्हणतो. कोणाला काही माहीत असेल तर सांगा, कपड्यांचा ढीग पडून राहिला आहे.

मोहरी, २६ डिसेंबर, सकाळी ११:१२

फ्रंट लोड आहे की टॉप लोड? पाणी भरतं का? काही कोड दिसतोय का?

शिकंजी, २६ डिसेंबर, सकाळी ११:१३

मशीन. कपडे धुवायची.